चौथीच्या वर्गात विचारायचा प्रश्न

ब्रह्मपुरीत शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांचं समुपदेशन करणाऱ्याकडे एकाच मुलाबद्दल दोनदा विचारणा होऊ शकते. पहिली, तो चौथी-पाचवीत असताना: एका जागी बसत नाही, वही पुरी करत नाही, प्रश्न संपण्याआधीच उत्तर ओरडतो, कुणी चिडवलं की लगेच हात उगारतो. दुसरी, तो सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर, एखाद्या भांडणात कुणाचं डोकं फुटलं की. पहिल्या वेळी विचारणारे मोजके असतात आणि त्यांचा सूर तक्रारीचा असतो. दुसऱ्या वेळी आईबाप, वकील, पोलीस, शेजारी सगळेच विचारतात, आणि प्रश्न एकच असतो: याच्या मेंदूतच काही बिघाड आहे का? अलीकडे या प्रश्नाला एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलता आणि अवधान-अस्थिरतेचं नाव जोडलेलं असतं, कारण मेंदू-संशोधनाच्या बातम्या आता मोबाइलवर गावोगावी पोचतात. या विषयावरचं संशोधन आणि या भागातल्या मुलांबरोबरचं काम यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. लक्ष न लागणं आणि हिंसक गुन्हा यांचा संबंध खरा आहे, पण तो सरळ नाही. मधे बरीच वळणं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वळणावर मोठ्या माणसांना काही करता येतं. म्हणून हा प्रश्न सतराव्या वर्षी न्यायालयात विचारण्याचा नाही, चौथीच्या वर्गात विचारण्याचा आहे.

आधी संबंध खरा आहे हे मान्य केलं पाहिजे. मुलांबद्दलच्या मायेपोटी तो नाकारणारे शिक्षक आणि कार्यकर्ते मला भेटतात. त्यांची माया मला कळते, पण पुरावा त्यांच्या बाजूने नाही. न्यूयॉर्कमध्ये साल्व्हातोर मानुझा आणि रेचल क्लाइन यांनी लहानपणी अतिचंचल म्हणून निदान झालेल्या २०७ मुलग्यांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला आणि पोलिसांच्या नोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलांपैकी ४७ टक्क्यांना कधी ना कधी अटक झाली होती, तुलनेच्या गटात २४ टक्क्यांना. तुरुंगात गेलेले १५ टक्के, तुलनेच्या गटात एक टक्का. सुझन यंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतले ४२ अभ्यास एकत्र केले, तेव्हा प्रत्यक्ष मुलाखतीवरून केलेल्या निदानात कैद्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात हा विकार आढळला. हा आकडा फुगलेला आहे असं म्हणणारे संशोधकही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: नशा सुटताना होणारी तगमग, झोपेची आबाळ, डोक्याला बसलेला जुना मार, कोठडीतली भीती या सगळ्यांची लक्षणं एडीएचडीसारखीच दिसतात. पण आकडा निम्म्यावर आणला तरी बाहेरच्या समाजातल्या प्रमाणापेक्षा तो बराच जास्त राहतो. त्याच वेळी हाच पुरावा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. त्या न्यूयॉर्कच्या मुलांपैकी ८५ टक्के कधीच तुरुंगात गेले नाहीत. वर्गातल्या एका चंचल मुलाकडे बघून हा पुढे काय करणार हे सांगणारं कोणतंही शास्त्र आज अस्तित्वात नाही.

मग जे गेले ते कसे गेले? याच अभ्यासाचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. अतिचंचलतेतून थेट गुन्ह्याकडे जाणारी वाट जवळपास दिसलीच नाही. पौगंडावस्थेत ज्या मुलांमध्ये समाजविघातक वर्तन आणि व्यसन ही दोन वळणं आली, त्यांच्याच वाट्याला पुढे अटक आणि शिक्षा आली. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. टेरी मॉफिट आणि अवशालोम कास्पी यांनी त्यातून दाखवलं की तीन ते अकरा या वयातला आत्मसंयम जितका कमी, तितकी पुढे गुन्ह्याची शिक्षा होण्याची शक्यता जास्त, आणि घरची मिळकत व मुलाची बुद्धी हिशेबात घेतल्यावरही हे खरंच राहतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. पंधराव्या वर्षाआधी सिगारेट, अर्धवट सुटलेली शाळा आणि कोवळ्या वयातलं आईबाप होणं, हे तीन फास ज्यांच्या गळ्यात पडले नाहीत त्यांचं पुष्कळ नुकसान टळलं. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत हे फास कोणते, हे आमच्या कामात रोज दिसतं. इथे सिगारेटच्या जागी तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे आणि तो पाचवी-सहावीतच खिशात येतो. निकोटिनाने काही क्षण लक्ष टिकतं, त्यामुळे ज्याचं लक्ष टिकत नाही त्याला तो इतरांपेक्षा लवकर पकडतो. शाळा सुटण्याचं इथलं कारण अनेकदा हंगामी असतं: आईबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोर सोबत जातं किंवा आजीजवळ राहतं, परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. धीराने अभ्यास करणारं मूल ही खाच भरून काढतं. ज्याला दहा मिनिटं पुस्तकात राहता येत नाही, त्याची ती खाच दरवर्षी रुंदावत जाते. त्यात आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा नियम अनेक वर्षं होता. हेतू चांगला होता, पण मागे पडलेलं मूल नववीत येईपर्यंत कागदावर दिसतच नव्हतं. नववीत ते अचानक दिसतं, आणि तोवर त्याला स्वतःबद्दल वर्गाने जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं.

मेंदूविषयी जे ठामपणे सांगता येतं ते लोकांना वाटतं त्याहून कमी आहे, आणि जास्त दिलासा देणारंही आहे. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा वाढत्या वयाप्रमाणे पाहिल्या. मेंदूच्या बाह्यकाची जाडी तिच्या शिखराला पोचण्याचं मधलं वय इतर मुलांत साडेसात वर्षं निघालं, या मुलांत साडेदहा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, जो थांबणं, तोलणं, पुढचं बघणं ही कामं सांभाळतो. वाढीचा क्रम मात्र तोच होता. हलकं धान आणि भारी धान आपण वेगळं ओळखतो. भारी धान उशिरा निसवतं म्हणून ते वाईट पीक ठरत नाही, पण हलक्याच्या तारखेला कुणी विळा घेऊन बांधावर गेला तर हाती काय लागणार? आपल्या शाळेचं वेळापत्रक सगळ्या मुलांसाठी हलक्या धानाचं आहे. प्रतिमांकडून याहून जास्त मागू नये. २०१७ मध्ये मार्टिन होगमन आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या १,७१३ एडीएचडी असलेल्या आणि १,५२९ नसलेल्या व्यक्तींच्या प्रतिमा एकत्र तपासल्या. मेंदूच्या काही आतल्या भागांचं आकारमान सरासरीत कमी होतं, पण फरक इतका बारीक की एकट्या माणसाची प्रतिमा बघून निदान करता येत नाही. निदान आजही आईबाप, शिक्षक आणि मूल यांच्याशी बोलूनच होतं.

हिंसेच्या बाबतीत तर आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. एड्रियन रेन यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ४१ खून-आरोपींच्या मेंदूतला साखरेचा वापर मोजला आणि कपाळामागच्या भागात तो कमी आढळला. ही बातमी जगभर गाजली. पुढच्याच वर्षी त्यांनी याच गटातल्यांची विभागणी केली, तेव्हा रागाच्या भरात खून करणाऱ्यांमध्ये ही कमतरता दिसली, ठरवून थंड डोक्याने खून करणाऱ्यांमध्ये तो भाग सर्वसाधारण माणसांसारखाच चालत होता. ही दुसरी बातमी फारशी पोचली नाही. आमच्या जिल्ह्यांना ती पोचायला हवी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांना आणि महिलांना बांधून सर्वांसमोर मारहाण झाली. त्यासाठी गाव जमवावं लागलं, दोर आणावे लागले. गडचिरोलीने गेल्या चार दशकांत सोसलेली बहुतेक हिंसा आखलेली, टिपून केलेली हिंसा आहे. तिच्यामागे लक्षाचा अभाव शोधणं म्हणजे श्रद्धा, सत्ता, जमीन आणि भीती यांची उत्तरं मेंदूकडे ढकलणं. एडीएचडीचं संशोधन फक्त एका प्रकारच्या हिंसेबद्दल काही सांगतं: टोमणा, धक्का, आणि विचार येण्याआधी उठलेला हात.

झाडीपट्टीत या विषयाचा जो भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे तो परदेशी अभ्यासांत क्वचितच येतो. तिथे गृहीत असतं की पोटभर जेवलेल्या, रक्त धड असलेल्या मुलाचं लक्ष लागत नाही. इथे ते गृहीत धरता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयग्रस्त आढळली. लोह हे फक्त रक्ताचं द्रव्य नाही. मेंदूत डोपामिन तयार व्हायला ते लागतं, आणि लक्ष टिकवण्याचं काम मोठ्या प्रमाणात डोपामिनवर चालतं. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकामध्ये तान्हेपणी लोहाची कमतरता असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कमतरता औषधाने भरून निघाल्यानंतरही वागणुकीतले आणि अवधानातले काही फरक मागे राहिलेले दिसले. दुसरा आजार सिकलसेलचा, जो चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी माहीत आहे. सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं, रक्त द्यावं लागणं हे लोक ओळखतात. पण तीव्र सिकलसेल असलेल्या मुलांच्या मेंदूत, विशेषतः कपाळामागच्या भागात, कोणतंही बाह्य लक्षण न दाखवणारे बारीक झटके येऊन जातात, आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत अशा मुलांचं प्रमाण जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकं आढळलं आहे. त्यांचा पहिला परिणाम लक्षावर आणि कामाच्या आखणीवर होतो. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये अनेकांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार काहीसा सौम्य असू शकतो, आणि केवळ वाहक असलेल्या मुलाला हा धोका नसतो. तरीही सिकलसेलचं मूल वर्गात मागे पडलं की आपण त्याला अशक्त किंवा आळशी म्हणून सोडून देतो, त्याच्या मेंदूचा विचार करत नाही. तिसरा हिवताप. गडचिरोलीत मेंदूला धरणारा हिवताप कुणाला समजावून सांगावा लागत नाही. युगांडातल्या कंपाला शहरात अशा तापातून वाचलेल्या मुलांना दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा चारांतल्या एकाच्या बुद्धिव्यापारात दोष राहिला होता, आणि सर्वांत जास्त फटका अवधानाला बसला होता. ताप उतरला, मूल घरी आलं, एवढ्यावर आपली नोंद संपते.

आणि मग मनावरचा घाव. ब्रह्मपुरी वन विभागात शेतावर, मोहफुलं वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. घरातलं माणूस असं गेलेलं मूल वर्गात शून्यात बघतं, दचकतं, एकदम अंगावर येतं. दारू पिऊन मारणाऱ्या बापाच्या घरातलं मूलही असंच करतं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं एडीएचडीच्या यादीत चपखल बसलेलं दिसेल, पण उपाय वेगळा आहे, आणि चुकीचं निदान इथे साधी चूक राहत नाही, ते मुलाचं दुःखच पुसून टाकतं. म्हणून माझा आग्रह असतो की लक्ष लागत नाही अशी तक्रार आली की आधी हिमोग्लोबिन बघा, सिकलसेलची चाचणी झाली आहे का ते विचारा, मोठा ताप कधी आला होता ते विचारा, कान आणि डोळे तपासा, घरात काय घडलं ते ऐका. यातून जे मूल उरेल त्याच्याबद्दल एडीएचडीचा विचार करा. अशी मुलंही असतातच. कोइमतूरमधल्या प्राथमिक शाळांत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहांतल्या एकाहून थोडी जास्त मुलं या व्याख्येत बसली होती.

यावर येणारा सर्वांत गंभीर आक्षेप आपल्या इतिहासातून येतो, आणि तो घेणाऱ्यांचा मला आदर वाटतो. लहान मुलाला पुढे गुन्हेगार होण्याची शक्यता असलेलं मूल म्हणून हेरायचं, ही कल्पना या देशाने भोगली आहे. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. पाच वर्षांनी इटलीत लोम्ब्रोसो कवटीच्या मापांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा दावा करत होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती कागदावर मुक्त झाल्या, पण विदर्भातल्या पारध्यांना आजही चोरी झाली की पहिली भीती पोलिसांचीच वाटते. उद्या आश्रमशाळेतल्या गोंड किंवा माडिया मुलांच्या नावापुढे धोका असा शेरा पडला तर? ही भीती खरी आहे आणि त्यावर माझं उत्तर असं: गुन्हा टाळण्यासाठी म्हणून कुठल्याही मुलाची चाळणी करू नये. चाळणी करायची ती मूल वाचायला शिकावं म्हणून, त्याचं रक्त सुधारावं म्हणून, त्याला झोप मिळावी म्हणून. शिक्षकाच्या वहीत गुन्हा हा शब्दच येण्याचं कारण नाही. गुन्हेगारी कमी झाली तर तो दुसऱ्या फळीतला फायदा असेल. आणि उलटही पाहावं लागतं: नाव न देणं म्हणजे शिक्का न मारणं असं नसतं. ज्या मुलाला आपण निदान देत नाही त्याला वर्ग स्वतःचं निदान देतोच, ढ, मस्तीखोर, वाया गेलेला, आणि या शिक्क्यांना कोणतंही औषध किंवा कोणताही पुनर्विचार नसतो.

औषधाचा प्रश्न इथेच येतो. स्वीडनमध्ये पॉल लिक्टेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २००९ या काळातल्या एडीएचडीच्या २५,६५६ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या आणि प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच केली: औषध चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा काळ. औषधाच्या काळात पुरुषांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण ३२ टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये ४१ टक्क्यांनी कमी होतं. विरोधक म्हणतात की औषध नियमित घेण्याचा काळ हा आयुष्यातला घडी बसलेला काळच असतो, म्हणून श्रेय औषधाचं की घडीचं हे पुरतं सुटत नाही. हे मला मान्य आहे, आणि आमच्यासाठी तर हा वाद काहीसा लांबचा आहे. मेथिलफेनिडेट भारतात कडक परवान्याखालीच विकलं जातं. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी, परवानाधारक दुकान, दुकानदाराकडे राहणारी चिठ्ठीची प्रत, हे सगळं तालुक्याच्या गावात जुळवणं कठीण असतं, आणि कोरची किंवा कुरखेड्याच्या बापाला त्यासाठी नागपूरची वारी दरमहा परवडत नाही. तरी त्या अभ्यासातली एक गोष्ट कुठल्याही गावाला लागू पडते: एकाच माणसाचं वागणं परिस्थितीनुसार इतकं बदलू शकतं. म्हणजे जे बदलतं ते त्याच्या हाडामांसात कोरलेलं नाही. पुढच्या बाकावरची जागा, तुकड्यातुकड्याने दिलेला अभ्यास, दर वीस मिनिटांनी वर्गाबाहेर पाणी आणायला पाठवणं, चुकल्यावर चारचौघांत न बोलणं, मुलाला मारण्याऐवजी ठरावीक नियम पाळायला आईबापांना शिकवणं, यांनाही पुराव्याचा आधार आहे आणि यांना परवाना लागत नाही.

ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरचे विचारतात: हे सगळं मारणाऱ्याला सोडवण्यासाठी आहे का? नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली माफी मिळते ती आपण काय करतो किंवा ते चुकीचं आहे हे कळण्याची क्षमताच नसलेल्या माणसाला. एडीएचडी असलेल्या मुलाला ते कळतं, त्याला वेळेवर थांबता येत नाही. जखमी माणसाची जखम निदानाने लहान होत नाही. मेंदूचा पुरावा न्यायालयात नेण्याची घाई महाराष्ट्राने एकदा पाहिली आहे: जून २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून-खटल्याच्या निकालात आरोपीच्या मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला, आणि जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी त्यावर टीका केली. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करण्यावर बंदी घातली. जे यंत्र दोष सिद्ध करू शकत नाही ते निर्दोषत्वही सिद्ध करू शकत नाही, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ध्यानात ठेवावं. निदानाचं खरं काम बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १५ मध्ये आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल तर परिणाम समजण्याची त्याची क्षमता बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत जोखायची असते, आणि मंडळावर बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हे जोखणं तासाभराच्या बुद्धिमापन चाचणीवर उरकलं तर ते वाया जातं. बुद्धी चांगली असलेलं मूलही रागाच्या क्षणी नऊ वर्षांच्या मुलासारखं वागू शकतं.

दारू विसरून हे सगळं बोलता कामा नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, या दोन जिल्ह्यांतल्या मारामारीच्या प्रकरणांत मेंदूच्या कोणत्याही विकारापेक्षा दारूचा वाटा मला मोठा दिसतो. बंगळुरूच्या कारागृहात निम्हान्स या तिथल्याच मानसिक आरोग्य संस्थेने ५,०२४ कैद्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास ८० टक्के कैदी मानसिक आजार किंवा व्यसन यांच्या निदानात बसले. व्यसन वगळल्यावर २७.६ टक्के उरले. पण व्यसनाकडे लवकर ओढली जाणारी मुलं कोण, हे विचारलं की आपण पुन्हा चौथीच्या वर्गात येतो.

बाल न्याय मंडळासमोर मूल उभं राहिलं की परिविक्षा अधिकाऱ्याला पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो, आणि त्यात शाळा का सुटली याचा रकाना आहे. तो बहुधा एका ओळीत भरला जातो: अभ्यासात रस नव्हता. त्या ओळीमागची माहिती गोळा करण्याची यंत्रणा अस्तित्वात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं फिरतं पथक प्रत्येक सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं आणि तपासायच्या तीस आजारांच्या त्याच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पथक वजन, उंची, दात, डोळे बघतं. चंचलता मात्र पाच मिनिटांच्या रांगेत दिसत नाही, कारण अनोळखी डॉक्टरसमोर ही मुलं बहुतेकदा गप्प उभी राहतात. ती फक्त वर्गशिक्षकाला दिसते. पथकाने प्रत्येक वर्गशिक्षकाशी अर्धा तास बोलावं, त्याने सांगितलेल्या मुलांचं रक्त त्याच दिवशी घ्यावं, आणि जी लक्षणं रक्ताने, कानाने, डोळ्याने किंवा घरातल्या घटनेने उलगडत नाहीत त्यांची नावं जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे लेखी कळवावीत, एवढं मी मागतो आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. दर शाळेमागे आणखी एक दिवस लागतो.